पद्मिनीचे इग्निशन घरच्या घरी: प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग

सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते पण पेटत नाही, पेटलेच तर स्लो स्पीडला थरथरते, चढावर धक्के देते आणि पेट्रोलही पूर्वीपेक्षा जास्त पिते, अशी तक्रार असलेल्या जुन्या गाडीत दोष पुष्कळदा इग्निशनच्या चार-पाच स्वस्त भागांपैकी एखाद्यात निघतो. हे भाग घरी, साध्या हत्यारांनी बदलता येतात. येथे उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने तयार होत असे. तिचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि पॉइंट असलेला डिस्ट्रिब्युटर (ठिणगीचा करंट पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरकडे पाठवणारा भाग) यांत इलेक्ट्रॉनिक असे काहीच नाही, त्यामुळे जे बिघडते ते डोळ्यांना दिसते. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, आणि त्यांच्यावर पोट असलेले मिस्त्रीही आता पांगले आहेत. हौसेने गाडी जपणाऱ्याला हे काम स्वतः शिकून घेणे त्यामुळे जवळजवळ भागच आहे. पेट्रोल अँबॅसॅडरची मांडणीही बरीचशी अशीच असल्याने पुढील बहुतेक मजकूर तिलाही लागू पडतो.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. एका वेळी एकच भाग बदलावा, इंजिन चालू करून पाहावे आणि मगच पुढच्या भागाला हात लावावा. बाजारातून पूर्ण संच आणून एका बैठकीत सगळे बदलण्याचा मोह होतो, पण त्यानंतर गाडी चालू झाली नाही तर दोष जोडणीत आहे की नव्या भागात, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. नवा भाग म्हणजे चांगला भाग, हे समीकरण जुन्या गाड्यांच्या बाबतीत आज धरून चालता येत नाही. कंडेन्सर आणि रोटर या दोन वस्तूंच्या बाबतीत तर मुळीच नाही.

ठिणगी येते कशी

इग्निशन चालू असताना आणि पॉइंट (प्रवाह जोडणारी-तोडणारी धातूची दोन तोंडे) मिटलेले असताना बॅटरीतून सुमारे तीन-चार अँपिअर प्रवाह कॉइलच्या बाहेरच्या, म्हणजे प्रायमरी वेटोळ्यातून वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते. डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या दांड्यावरील चार कोपऱ्यांचा कॅम फिरता फिरता पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, ते क्षेत्र एकदम कोसळते आणि आतल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब मधल्या जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात, म्हणजे कॅपमध्ये, तेथून दांड्याच्या माथ्यावर फिरणाऱ्या रोटरवर आणि रोटरच्या टोकावरून ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगपर्यंत जातो. प्रवाह तुटताना पॉइंटच्या तोंडाशीच ठिणगी पडून सगळी ताकद वाया जाऊ नये यासाठी पॉइंटला समांतर कंडेन्सर जोडलेला असतो. पुढच्या सगळ्या तपासण्या या एवढ्या प्रवासाचा कोणता टप्पा तुटला आहे, ते शोधण्यासाठी आहेत.

भाग बदलण्यापूर्वी दोष खरोखर इग्निशनचाच आहे ना, याची खात्री करावी. एप्रिल-मे महिन्यांत घाट चढताना गाडी बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली, तर बरेच जण कॉइल तापल्याचा निष्कर्ष काढून नवी कॉइल बसवतात. कॉइल तापूनही असे होऊ शकते हे खरे, पण पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असल्याने उन्हाळ्यात पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे हेही तितकेच संभवनीय असते. बंद पडल्याबरोबर, गाडी गार होण्याआधीच, करंट येतो की नाही हे पाहिले तर दोन्हींतला फरक लगेच कळतो. मधली जाड वायर कॅपमधून काढून तिचे टोक इन्सुलेशन असलेल्या पकडीने इंजिनच्या ब्लॉकपासून साधारण सहा मिलिमीटरवर धरावे आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. पांढरट निळी, टक् असा आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर काम करत आहेत. पिवळट, बारीक आणि अधूनमधून येणारी ठिणगी म्हणजे या तिघांपैकी एकात दोष आहे. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर ही तपासणी अजिबात करू नये.

तयारी

हत्यारांत २१ मिलिमीटरचा प्लग पाना, रिंग पान्यांचा लहान संच, एक मोठा व एक अगदी छोटा स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजण्यासाठी ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच), मल्टिमीटर आणि १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प एवढे पुरते. पॉइंटची गॅप व्हिजिटिंग कार्डाने लावणारे कारागीर आपण सर्वांनी पाहिले आहेत आणि त्यांच्या गाड्या चालतातही, पण त्यांच्या बोटांना वर्षानुवर्षांचा अंदाज असतो. घरी काम करणाऱ्याने फिलर गेज घ्यावा. तो काही महाग नसतो.

भाग घेताना जुना भाग बरोबर न्यावा. पद्मिनीच्या आयुष्यात डिस्ट्रिब्युटर एकाच बनावटीचा राहिला असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि पूर्वीच्या मालकाने दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात दुकानदाराला नुसते ‘पद्मिनीचे पॉइंट’ म्हणून सांगण्यापेक्षा जुना पॉइंट काउंटरवर ठेवलेला बरा. टाचेची उंची, स्प्रिंगचा आकार आणि स्क्रूच्या खाचेची जागा, या तिन्ही गोष्टी तेथेच जुळवून पाहाव्यात. रोटर घेताना मधला पितळी पट्टा प्लास्टिकमध्ये घट्ट बसलेला आहे ना ते पाहावे. तो रिव्हेटने ठोकलेला असेल आणि रिव्हेट दांड्याच्या फार जवळ येत असेल तर तो रोटर घेऊ नये, कारण अशा रोटरमधून करंट आतल्या आत दांड्याला उतरतो आणि गाडी कधी चालते, कधी चालत नाही. दुकानाच्या मागच्या फळीवर पडून राहिलेला, जुन्या खोक्यातला ‘मायको’चा प्लग मिळाला तर तो आनंदाने घ्यावा. जुन्या खोक्यातल्या कंडेन्सरच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही, कारण तो वापराविना पडूनही खराब होऊ शकतो.

काम सपाट जागेवर, इंजिन पूर्ण गार असताना करावे. हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हातातली अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे, ओढणी किंवा सैल बाही पंख्याजवळ येणार नाही असे पाहावे. भाग काढण्या-बसवण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर सोडवावी आणि तपासणीपुरतीच जोडावी. प्लगच्या वायरीतला झटका सहसा जिवावर बेतत नाही, पण त्याने हात झटकन मागे येऊन पंख्यावर किंवा बॉनेटच्या कडेवर आपटतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू इग्निशनजवळ हे काम करूच नये. आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते: इंजिन बंद असताना किल्ली चालू स्थितीत ठेवून चहाला जाऊ नये. पॉइंट मिटलेले असतील तर त्या वेळात कॉइलमधून सतत प्रवाह वाहून ती तापते आणि जळूही शकते.

काहीही सोडवण्यापूर्वी मोबाइलवर चार बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि प्लगच्या वायरींना कागदी चिकटपट्टी लावून १ ते ४ असे आकडे घालावेत. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर एक नंबरचा, आणि करंटचा क्रम १-३-४-२ असा असतो.

प्लग

सुरुवात प्लगपासून करावी, कारण सिलिंडरच्या आत काय चालले आहे याची नोंद त्यांच्यावर उमटलेली असते. वायर ओढताना ती तारेला धरून ओढू नये. टोकाची टोपी धरून थोडी फिरवत काढावी. प्लगच्या खळग्यात साचलेली धूळ-वाळू सायकलच्या पंपाने फुंकून काढावी, नाहीतर प्लग निघाल्याबरोबर ती सिलिंडरमध्ये पडते. या इंजिनचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते गरम असताना प्लग काढल्यास आटे सोलवटून निघण्याचा धोका असतो आणि ती दुरुस्ती प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते. प्लग जाम असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे आणि थोडे सोडवणे, थोडे आवळणे असे करत काढावा.

निघालेले चारही प्लग क्रमाने ओळीत ठेवून पाहावेत. टोकाशी फिकट तपकिरी रंग असेल तर सगळे ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा करंट कमी पडतो आहे. ओले, तेलकट काळे टोक म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हमधून ऑइल वर येते आहे, आणि नवा प्लग घालून हा दोष जाणार नाही. पांढरे पडलेले, फोड आल्यासारखे टोक दिसले तर मिश्रण फार पातळ आहे किंवा टायमिंग फार पुढे गेले आहे, म्हणजे ठिणगी हवी त्यापेक्षा लवकर पडते आहे. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर शोध त्या सिलिंडरपुरता आणि त्याच्या वायरीपुरता आखडता येतो.

नवा प्लग जुन्याशेजारी धरून आट्यांची लांबी तंतोतंत सारखी आहे ना ते पाहावे, कारण लांब प्लग पिस्टनला लागू शकतो. पॉइंटच्या इग्निशनला प्लगची गॅप साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटर ठेवतात. नव्या प्लगची गॅपही मोजावी, आणि ती बदलायची झाल्यास फक्त बाहेरचा वाकडा आकडा वाकवावा, मधल्या टोकाला हात लावू नये. प्लग बसवताना सुरुवातीचे आटे पाना न लावता, हातानेच फिरवावेत. हाताने पूर्ण टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, फार तर त्याहून किंचित जास्त आवळला की नवा वॉशर दबून बसतो. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर पुरेसे आहेत. वॉशर आधीच दबलेला जुना प्लग पुन्हा बसवताना मात्र टेकल्यानंतर फेऱ्याचा बारावा भाग बास होतो. वायरी लावून इंजिन चालू करून पाहावे.

कॅप, रोटर आणि वायरी

कॅपच्या बाजूच्या दोन क्लिपा उघडून ती उजेडात नेऊन पाहावी. आतल्या दोन खुंट्यांच्या मध्ये केसासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती कार्बनची वाट आहे. करंट तिच्यावरून चुकीच्या सिलिंडरकडे जातो आणि ती रेघ खरवडून कॅप दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. मध्यभागी असलेला कार्बनचा छोटा ठोकळा स्प्रिंगवर सहज आत-बाहेर होतो ना हे बोटाने दाबून पाहावे. खुंट्यांवरची पांढरट राख पुसून काढावी, कानस मारू नये.

कोकणात आणि मुंबईत पहिल्या पावसानंतर सकाळी जी गाडी चालू होत नाही, तिचा दोष निम्म्याहून अधिक वेळा या कॅपमध्येच निघतो. आत दव धरलेले असते. कोरड्या सुती कापडाने कॅप आतून-बाहेरून पुसून, वायरी पुसून सेल्फ मारावा. एवढ्यानेच गाडी चालू झाली तर भाग घेण्याची घाई नको. मात्र दर पावसाळी सकाळी हेच करावे लागत असेल तर कॅपला सूक्ष्म तडा आहे किंवा वायरींचे रबर फुटले आहे असे समजावे. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून, हात लांब ठेवून, चालू इंजिनच्या वायरींकडे पाहावे. गळणारा करंट निळसर रेघांनी वायरींच्या अंगावर खेळताना स्पष्ट दिसतो, आणि अशा वायरींचा निकाल लावायला मीटरची गरजच पडत नाही.

वायरी एका वेळी एकच काढून तितक्याच लांबीची नवी लावावी, म्हणजे क्रम चुकण्याचा प्रश्न येत नाही. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीचा रोध काही हजार ओहम असतो आणि तांब्याच्या वायरीचा जवळजवळ शून्य, म्हणून मीटरवरचे आकडे वाचताना आपली वायर कोणत्या जातीची आहे ते आधी पाहावे. चारांपैकी एकीचा आकडा इतरांपेक्षा खूप जास्त येत असेल किंवा येतच नसेल, तर ती आतून तुटलेली आहे.

पॉइंट आणि कंडेन्सर

खरे नाजूक काम येथे आहे आणि घाई केली तर नडतेही येथेच. रोटर वर ओढून काढला की खाली एका प्लेटवर पॉइंट आणि कंडेन्सर दिसतात. काही डिस्ट्रिब्युटरांत कंडेन्सर बाहेरच्या बाजूला स्क्रूने बसवलेला असतो. जुने पॉइंट नखाने उघडून त्यांची तोंडे पाहावीत. पृष्ठभाग करडा आणि जवळपास सपाट असेल तर त्यांनी आपले काम केले आहे. एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा असेल, तर धातू एकीकडून दुसरीकडे सरकला आहे. थोडासा खड्डा वापराने पडतोच. पण थोड्याच किलोमीटरांत मोठा पडला असेल तर कंडेन्सरची क्षमता जुळत नाही. तोंडे निळी-काळी जळलेली असतील, तर कंडेन्सर निकामी आहे किंवा पॉइंटवर ग्रीस उडाले आहे.

यावरूनच कंडेन्सर बदलायचा की नाही हे ठरवावे. पॉइंटबरोबर कंडेन्सर बदलायचाच, अशी जुनी रीत आहे आणि चांगला माल मिळत होता तेव्हा ती योग्यही होती. आज मात्र जुन्या पॉइंटची तोंडे स्वच्छ असतील तर जुना कंडेन्सर तसाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे टिकलेला कंडेन्सर अनोळखी खोक्यातल्या नव्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो. मीटरवर क्षमता मोजता येत असेल तर ती साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान यावी. पण थंड असताना बरोबर आकडा दाखवणारा कंडेन्सर तापल्यावर दगा देतो, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटे चालल्यावरच मिसिंग (एखादा सिलिंडर मध्येच न पेटणे) सुरू होणारी गाडी असेल तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा.

पॉइंट काढण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरभोवती कापड खोचावे. प्लेटला मोठी भोके असतात आणि तो इवलासा स्क्रू त्यांतून खाली गेला तर तो काढेपर्यंत इंजिन फिरवता येत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिमूटभर ग्रीस लावले तर स्क्रू त्याला चिकटून राहतो. पॉइंटच्या खुंटीवरची जोडणी सोडवताना कोणता वॉशर कोणानंतर निघाला ते छायाचित्रात यायलाच हवे. कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर, या दोघींची टोके पॉइंटच्या स्प्रिंगला टेकलेली हवीत, पण मधल्या खुंटीला किंवा प्लेटला त्यांचा स्पर्श होता कामा नये. त्यासाठीच तेथे प्लास्टिकची बुशी आणि फायबरचा वॉशर असतो. पॉइंट बदलल्यावर करंट एकदमच नाहीसा झाला, तर दहापैकी नऊ वेळा हा वॉशर उलटसुलट बसलेला असतो.

नव्या पॉइंटच्या तोंडांवर गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेलकट थर दिलेला असतो. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या स्वच्छ कापडाने तो पुसावा आणि पॉइंट बसवल्यावर मिटलेल्या तोंडांतून कोरडा पांढरा कागद एकदा ओढावा. कागदावर डाग उमटेनासा झाला की तोंडे स्वच्छ झाली. कॅमवर, टाच घासते तेथे, उच्च तापमानाचे ग्रीस काडीच्या टोकावर मावेल इतकेच लावावे. ग्रीसशिवाय टाच झिजते आणि गॅप मिटत जाते. जास्त झाले तर ते उडून पॉइंटवर बसते. रोटरखाली दांड्याच्या माथ्यावर फेल्टचा तुकडा असेल तर त्यावर इंजिन ऑइलचा एक थेंब सोडावा.

गॅप लावण्यासाठी चारही प्लग काढून इंजिन हलके करावे आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढे ढकलत किंवा हँडल असल्यास हँडलने ते हळूहळू फिरवावे. टाच कॅमच्या एका कोपऱ्याच्या बरोबर माथ्यावर आली, म्हणजे पॉइंट जास्तीत जास्त उघडले, की थांबावे. फियाटच्या मूळ मॅरेली डिस्ट्रिब्युटरला ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर गॅप लागते. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला बहुधा ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचे नाव आधी वाचावे आणि गाडीचे मूळ पुस्तक हाती असेल तर त्यातला आकडा अंतिम मानावा. गेजची पाती तेल पुसून, तिरपी न करता, मधून सरकवावी. ती अडकू नये आणि सैलही वाटू नये, किंचित ओढ जाणवावी. स्क्रू आवळताना प्लेट सरकून गॅप हमखास बदलते, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजावी. मग इंजिन फिरवून उरलेल्या तीन कोपऱ्यांवरही मोजावी. चारही ठिकाणी गॅप निरनिराळी येत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचे बुश झिजलेले आहेत आणि नुसते पॉइंट बदलून स्लो स्पीडची थरथर पूर्ण जाणार नाही.

खड्डा पडलेल्या जुन्या पॉइंटवर फिलर गेज चुकीचा आकडा देतो, कारण पाती उंचवट्यावरून जाते आणि खड्ड्याची खोली मोजलीच जात नाही. अशा वेळी ड्वेल मीटर असल्यास पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन मोजावा. चार सिलिंडरच्या या डिस्ट्रिब्युटरांना तो साधारण ६० अंश, तीन अंश इकडे-तिकडे, इतका हवा.

टायमिंग

गॅप बदलली की टायमिंग आपोआप बदलते. गॅप वाढली तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. कमी झाली तर मागे येते. म्हणूनच गॅप पक्की झाल्याशिवाय डिस्ट्रिब्युटर फिरवायचा नाही, आणि पॉइंट बदलल्यानंतर टायमिंग न तपासता गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेने फिरवावे. अंगठ्याला हवेचा जोर लागू लागला म्हणजे तो सिलिंडर कॉम्प्रेशनवर येत आहे. तेथून हळूहळू पुढे फिरवत क्रँकच्या पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या, पुस्तकात दिलेल्या खुणेसमोर आणावी. खूण पुढे निघून गेली तर नुसते मागे आणून थांबू नये. बरेच मागे नेऊन पुन्हा पुढच्या दिशेनेच आणावी, म्हणजे टायमिंग चेनमधला ढिलेपणा हिशेबात येत नाही. खुणा गंज-चिखलाखाली दडलेल्या असतात, त्या घासून त्यांवर पांढरा रंग लावून ठेवला तर पुढच्या वेळी त्रास वाचतो. या स्थितीत रोटरचे टोक एक नंबरच्या वायरीच्या खुंटीकडे असले पाहिजे.

आता टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरी ब्लॉकला लावावी, बॅटरी जोडून किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला आणि उघडताच पेटलेला दिसतो. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेला क्लॅम्पचा नट जेमतेम ढिला करावा, रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने डिस्ट्रिब्युटर फिरवून दिवा विझवावा आणि मग उलट दिशेने अगदी सावकाश फिरवत दिवा ज्या क्षणी पेटेल त्याच जागी हात थांबवून नट आवळावा. किल्ली बंद करावी. इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवाव्यात आणि दिवा नेमका खुणेवरच पेटतो ना ते पाहावे. टायमिंग लाइट असेल तर चालू इंजिनवर पडताळा घ्यावा; डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती त्या वेळी काढून तिचे तोंड बंद करावे.

अखेरची परीक्षा रस्त्यावर होते. टॉप गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनमधून खडखड असा धातूचा आवाज येत राहिला तर टायमिंग जास्त पुढे आहे. पिकअप मंद आणि इंजिन लवकर तापत असेल तर मागे आहे. फरक करायचा झाल्यास डिस्ट्रिब्युटर केसभरच फिरवावा आणि फिरवण्यापूर्वी त्याच्या अंगावर व ब्लॉकवर एकच सलग रेघ ओढून ठेवावी.

कॉइल

कॉइलला सर्वांत शेवटी हात लावावा, कारण ती क्वचितच जाते आणि विनाकारण मात्र फार बदलली जाते. वायरी सोडवून मीटरने दोन लहान टर्मिनलांमधला रोध मोजावा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा तो सुमारे तीन ओहम असतो. दीड ओहमच्या आसपासची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (कॉइलमधला प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या वेगळ्या रोधाबरोबर) चालणारी असते, आणि ती पद्मिनीला थेट जोडली तर पॉइंट लवकर जळतात. बाजारात दोन्ही एकाच आकाराच्या डब्यात मिळतात, म्हणून विकत घेतानाच मोजून घ्यावी. लहान टर्मिनल आणि मधले तोंड यांच्यातला रोध काही हजार ओहम यावा. बसवताना ऋण चिन्हाचे टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे आणि धन चिन्हाचे किल्लीकडून येणाऱ्या वायरीला जोडावे. उलट जोडली तरी गाडी चालते, पण करंट कमजोर पडतो आणि कारण लवकर सापडत नाही.

नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही दिवसांत थोडी घासून बसते आणि गॅप कमी होते. म्हणून साधारण पाचशे किलोमीटर झाल्यावर ती एकदा पुन्हा मोजावी आणि त्याच वेळी टेस्ट लॅम्पने टायमिंगही पाहावे. काढलेल्यांपैकी चालू स्थितीतले पॉइंट, रोटर आणि कंडेन्सर फेकू नयेत. पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, एका छोट्या स्क्रू ड्रायव्हरसह डिकीत ठेवावेत.